बल्बनंतरचा एडिसन

एडिसन म्हटलं की आपल्याला काय आठवतं? बल्ब! शाळेच्या पुस्तकातला धडा, पुन्हा पुन्हा फसलेले प्रयोग, आणि प्रत्येक निकालाच्या दिवशी घरच्यांनी ऐकवलेलं त्याचं उदाहरण. बल्ब लागला आणि गोष्ट संपली, असंच आपल्याला वाटत असतं.

पण मित्रांनो, जरा हिशोब करून बघा. १८७९ साली बल्ब लागला तेव्हा एडिसन फक्त बत्तीस वर्षांचा होता. त्यानंतर तो आणखी बावन्न वर्षं जगला. या बावन्न वर्षांतली तब्बल दहा वर्षं त्याने एकाच प्रश्नामागे घालवली. इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी का उतरते, आणि न उतरणारी बॅटरी कशी करायची?

हा प्रश्न आजही जुना झालेला नाही. मोठे कॅम्पस, रेल्वे स्टेशनं, रिसॉर्ट, सगळीकडे आता गोल्फ कार्टसारख्या बॅटरीवरच्या गाड्या दिसतात. सुरुवातीला त्या झकास पळतात. मग काही महिन्यांनी तक्रार सुरू होते. रात्रभर चार्जिंगला लावली, सकाळी फुल दाखवत होती, आणि दुपारी चढावरच बंद पडली! मग ड्रायव्हर चार्जरला दोष देतो, चार्जरवाला बॅटरीला आणि बॅटरीवाला ड्रायव्हरला. साधारण हेच भांडण सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतही चालू होतं. त्यात एडिसन कसा पडला आणि त्याने काय केलं, त्याची ही गोष्ट.

रेल्वेच्या डब्यातली लॅब

थॉमस अल्वा एडिसनचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात मिलान या छोट्या गावी झाला. सात भावंडांत तो शेंडेफळ. १८५४ साली हे कुटुंब मिशिगनमधल्या पोर्ट ह्युरॉन गावी राहायला गेलं. शाळेशी त्याचं फार जमलं नाही. काही महिनेच तो शाळेत गेला असेल. त्याची आई नॅन्सी आधी शिक्षिका होती, तिनेच त्याला घरी शिकवलं. लहानपणापासून त्याला ऐकू कमी यायचं, ते शेवटपर्यंत तसंच राहिलं.

बारा-तेरा वर्षांचा असताना तो पोर्ट ह्युरॉन ते डेट्रॉईट या रेल्वेत पेपर आणि खाऊ विकायला लागला. सामानाच्या डब्याच्या एका कोपऱ्यात त्याने केमिस्ट्रीची लॅब थाटली होती! एके दिवशी त्या डब्यात आग लागली आणि लॅबसकट त्याला बाहेर पडावं लागलं. (आपल्या लॅबमध्ये साधी टेस्ट ट्यूब फुटली तरी काय होतं ते आपल्याला माहीत आहेच.) १८६२ साली एका स्टेशनमास्तरच्या लहान मुलाला त्याने रुळांवरून उचलून वाचवलं. त्या उपकाराची फेड म्हणून स्टेशनमास्तरने त्याला तारयंत्र शिकवलं, आणि पुढची काही वर्षं तो गावोगावच्या तार ऑफिसांत काम करत हिंडला.

बॅटरीशी त्याची ओळख इथलीच. तेव्हा घराघरांत वीज नव्हती. तार पाठवायची तर काचेच्या बरण्यांत केमिकल भरलेल्या बॅटऱ्याच लागायच्या. १८६७ साली लुईव्हिल गावी तो मुद्दाम रात्रपाळी मागून घ्यायचा, म्हणजे काम कमी आणि प्रयोगाला वेळ जास्त. एका रात्री प्रयोग करताना सल्फ्युरिक ॲसिड सांडलं. ते लाकडी फळ्यांच्या फटीतून झिरपून खालच्या मजल्यावर थेट साहेबाच्या टेबलावर पडलं. दुसऱ्या दिवशी नोकरी गेली. हे ॲसिड पुढे तीस-पस्तीस वर्षांनी पुन्हा त्याच्या आयुष्यात येणार होतं.

नाव झालं, पैसा गेला

पुढचा भाग आपल्याला बऱ्यापैकी माहीत असतो. १८७६ साली त्याने न्यू जर्सीत मेन्लो पार्कला प्रयोगशाळा काढली. १८७७ साली फोनोग्राफ, १८७९ साली बल्ब, आणि ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कमध्ये पर्ल स्ट्रीटचं वीजकेंद्र सुरू झालं. १८८७ साली वेस्ट ऑरेंजला त्याहून मोठी प्रयोगशाळा उभी राहिली.

मग मात्र गाडी रुळावरून घसरली. एडिसनचा सगळा भर डायरेक्ट करंटवर होता. वेस्टिंगहाऊस आणि टेस्ला यांचा अल्टरनेटिंग करंट लांबवर वीज न्यायला सोपा पडला आणि बाजार तिकडे गेला. १८९२ साली कंपन्यांचं विलीनीकरण होऊन जनरल इलेक्ट्रिक ही कंपनी झाली आणि तिच्या नावातून एडिसन हा शब्दच गळला. मग त्याने लोखंडाच्या हलक्या खनिजातून चुंबकाने लोखंड वेगळं काढायचा प्रचंड मोठा प्रकल्प हाती घेतला. त्यात जवळचा पैसा ओतला. पण दुसरीकडे चांगल्या प्रतीचं खनिज स्वस्तात मिळायला लागलं आणि १९०० च्या सुमाराला तो प्रकल्प बंद करावा लागला.

म्हणजे विचार करा. पन्नाशी उलटलेली, पैसा गेलेला, डायरेक्ट करंटची लढाई हरलेली. दुसरा कोणी असता तर बल्बच्या नावावर सत्कार घेत बसला असता. एडिसनने १८९९ साली बॅटरीचं काम सुरू केलं.

शिशाची बॅटरी आणि तिचे नखरे

त्यावेळी अमेरिकेत मोटारगाड्या तीन प्रकारच्या होत्या. वाफेवरच्या, पेट्रोलवरच्या आणि बॅटरीवरच्या. १९०० साली तिथे बनलेल्या गाड्यांपैकी एक तृतीयांशाहून जास्त गाड्या इलेक्ट्रिक होत्या! पेट्रोलच्या गाडीला हँडल मारून सुरू करावं लागे, ती धूर सोडे, आवाज करे. इलेक्ट्रिक गाडी गुपचूप चाले. अडचण एकच, बॅटरी.

ही बॅटरी म्हणजे १८५९ साली फ्रान्सच्या गॅस्टन प्लाँतेने शोधलेली शिसं आणि सल्फ्युरिक ॲसिडची बॅटरी. आपल्या इन्व्हर्टरमध्ये आणि पेट्रोल गाड्यांमध्ये असते, तीच. हिचे तीन मोठे दोष. एक, शिसं म्हणजे वजन. गाडी स्वतःचीच बॅटरी ओढत बसते. दुसरं, ॲसिड. धूर येतो, आजूबाजूचं लोखंड खातं. तिसरा दोष सगळ्यात वाईट. बॅटरी उतरलेल्या अवस्थेत तशीच ठेवली तर प्लेटवर लेड सल्फेटचे खडे घट्ट बसतात. नंतर कितीही चार्ज करा, ते पूर्ण विरघळत नाहीत. यालाच सल्फेशन म्हणतात. दर वेळी थोडी क्षमता कायमची जाते, आणि मालकाला वाटतं बॅटरी पटकन उतरते. खरं तर ती पटकन उतरत नसते, ती पूर्ण भरतच नसते. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एडिसनने ठरवलं की शिसंही नको आणि ॲसिडही नको. त्याऐवजी अल्कली, म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साईड घ्यायचं. त्यात पत्र्याचा डबा गंजत नाही, आणि इलेक्ट्रोलाइट स्वतः फारसा खर्च होत नाही. मग त्यात कुठले दोन धातू टाकायचे? इथे सुरू झाला शोध. जोनस एल्सवर्थसारखे केमिस्ट आणि बाकी मंडळी एकेक पदार्थ घेऊन छोटे सेल बनवायचे, चार्ज-डिस्चार्ज करायचे, वहीत आकडे लिहायचे, आणि दुसरा पदार्थ घ्यायचे. असे प्रयोग हजारोंनी झाले. शेवटी जोडी जमली निकेल आणि लोखंडाची. एका बाजूला निकेल हायड्रॉक्साईड, दुसऱ्या बाजूला बारीक लोखंड. एका सेलला साधारण १.२ व्होल्ट. शिशाच्या सेलला २ व्होल्ट मिळतात, म्हणजे ४८ व्होल्ट हवे असतील तर शिशाचे २४ सेल आणि निकेल-लोखंडाचे ४०.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. स्वीडनमध्ये वाल्डेमार युंगनर नावाचा संशोधक याच काळात अल्कली बॅटऱ्यांवर काम करत होता. निकेल-कॅडमियम बॅटरी त्याचीच, १८९९ सालची. दोघांमध्ये पेटंटवरून वाद झाले. आपल्या पुस्तकात युंगनरचं नाव सहसा नसतं, पण या गोष्टीत त्याचाही वाटा आहे.

टाईप ई : बाजारात आली आणि परत आली

१९०१ साली एडिसन स्टोरेज बॅटरी कंपनी निघाली. एडिसनचा स्वभाव थोडा घाई करणारा. माल तयार व्हायच्या आधीच पेपरमध्ये बातम्या यायच्या की आता एडिसनची जादूची बॅटरी येणार. लोक वाट बघायला लागले. १९०३ साली टाईप ई नावाची बॅटरी बाजारात आली. त्याआधी गाड्यांत बसवून खडबडीत रस्त्यांवर शेकडो मैल फिरवून बघितली होती. सेलचे डबे वरच्या मजल्यावरून खाली टाकून बघायचीही पद्धत होती. डबा टिकला तर पास!

आणि तरीही तक्रारी यायला लागल्या. काही सेल गळायला लागले. काही सेल गळत नव्हते, पण त्यांची क्षमता कमी होत चालली होती. सगळ्यांची नाही, काहींचीच. एकाच बॅचमधला एक सेल ठणठणीत आणि दुसरा मलूल. ज्याने कधी एखादं सर्किट डीबग केलंय त्याला माहीत आहे, कायम बंद पडणारा फॉल्ट परवडला, पण मधूनच येणारा फॉल्ट म्हणजे डोक्याला ताप!

आता एडिसनसमोर दोन रस्ते होते. ऑर्डरी येतच होत्या, कारण त्या अवस्थेतही ही बॅटरी बऱ्याच गिऱ्हाइकांना आवडली होती. विकत राहायचं आणि हळूहळू सुधारणा करायची, हा एक रस्ता. एडिसनने दुसरा घेतला. १९०४ च्या अखेरीला त्याने उत्पादन थांबवलं. खराब बॅटऱ्या परत घेतल्या. कारखाना बंद, पैसा येणं बंद, आणि ज्या पेपरांनी डोक्यावर घेतलं होतं ते आता नाव ठेवायला मोकळे. तेव्हा तो सत्तावन्न वर्षांचा होता.

मला वाटतं बल्बपेक्षाही एडिसनचा हा निर्णय मोठा आहे. बल्बच्या वेळी हरायला फार काही नव्हतं. इथे नाव होतं, पैसा होता, आणि वाट बघणारी गिऱ्हाइकं होती.

सेल उघडून बघितल्यावर

पुढे जवळजवळ पाच वर्षं दोष शोधण्यात आणि दुरुस्त करण्यात गेली. हा भाग आपण इंजिनिअरिंगवाल्यांनी नीट वाचायला हवा.

पहिली गोष्ट म्हणजे बॅटरी चालत नाही ही एकच तक्रार असली, तरी दोष एक नव्हता. दोन होते, आणि त्यांचा एकमेकांशी संबंध नव्हता. गळणं हा डब्याचा दोष. डब्याच्या सांध्यांना डाख दिलेला होता, आणि अल्कली त्या डाखातून हळूहळू वाट काढत होतं. उपाय, डाखाऐवजी वेल्डिंग. हा प्रश्न तुलनेने सोपा.

क्षमता कमी होणं हा आतला दोष. निकेल हायड्रॉक्साईड वीज नीट वाहून नेत नाही, म्हणून त्यात ग्रॅफाईटचे पापुद्रे मिसळलेले होते. म्हणजे ग्रॅफाईट ही रस्त्याची जाळी आणि निकेल हायड्रॉक्साईड ही घरं, असं समजा. चार्ज-डिस्चार्ज होताना निकेलचा माल फुगायचा आणि आकसायचा. त्यात ग्रॅफाईटशी त्याचा स्पर्श सुटायचा. शिवाय चार्ज होताना ग्रॅफाईट स्वतःच हळूहळू ऑक्सिडाईज व्हायचं. रस्ते उखडले की घरं असून उपयोग काय? आत माल शिल्लक होता, पण त्याच्यापर्यंत करंट पोचतच नव्हता. बॅटरी उतरली असं दिसत होतं, आणि खरं कारण होतं कनेक्शन तुटणं.

यावर एडिसनच्या मंडळींनी काढलेला उपाय बघून आजही थक्क व्हायला होतं. ग्रॅफाईट काढून टाकलं आणि त्याच्या जागी शुद्ध निकेलचे अतिशय पातळ पापुद्रे घातले. हे पापुद्रे बनवायचे कसे? इलेक्ट्रोप्लेटिंगने तांब्याचा एक थर, त्यावर निकेलचा एक थर, पुन्हा तांबं, पुन्हा निकेल, असे थरावर थर चढवायचे. मग त्या पत्र्याचे बारीक चौकोनी तुकडे करायचे आणि तांबं विरघळवून टाकायचं. मागे उरतात निकेलचे पापुद्रे, कागदाहूनही कितीतरी पातळ. मग छिद्रं पाडलेल्या स्टीलच्या नळीत निकेल हायड्रॉक्साईडचा एक थर, पापुद्र्यांचा एक थर, असे शेकडो थर ठासून भरायचे. माल फुगला तरी नळी फाटू नये म्हणून तिच्यावर बाहेरून स्टीलच्या कड्या चढवायच्या. इलेक्ट्रोलाइटमध्ये थोडं लिथियम हायड्रॉक्साईड घातलं की क्षमता वाढते, हेही याच काळात सापडलं. म्हणजे बॅटरीतलं लिथियम ही काही मोबाईलच्या काळातली पहिली ओळख नव्हे!

१९०९ साली नवी टाईप ए बॅटरी आली. तोपर्यंत या कामात दहा लाख डॉलरच्या वर खर्च झाला होता. ही बॅटरी मात्र खरोखर पोलादी निघाली. जास्त चार्ज करा, पूर्ण उतरवा, महिनोन् महिने तशीच ठेवा, तिचं फारसं काही बिघडत नसे. यातल्या काही बॅटऱ्या पुढे कित्येक दशकं चालल्या.

हाच प्रश्न आपल्या गोल्फ कार्टला

आता एडिसनची ही पद्धत आजच्या गाडीला लावून बघू. गोल्फ कार्टमध्ये बहुतेक वेळा ६ किंवा ८ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून ३६ किंवा ४८ व्होल्ट केलेले असतात. आता लिथियमवाल्या गाड्याही आल्यात, पण शिशाच्या अजून भरपूर आहेत. बॅटरी उतरते या तक्रारीखाली निदान चार वेगळे आजार लपलेले असू शकतात.

पहिला, बॅटरी भरतच नाही. चार्जर मधेच बंद होतोय का, टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी धरलीय का, पाणी कमी होऊन प्लेटा उघड्या पडल्यात का, ते बघा. प्लेटा उघड्या असतील तर आधी त्या बुडतील इतकंच डिस्टिल्ड वॉटर घाला. बाकीचं पाणी चार्जिंग झाल्यावर भरायचं असतं, नाहीतर चार्ज होताना ॲसिड बाहेर येतं.

दुसरा, सहापैकी एकच बॅटरी आजारी. सिरीजमध्ये करंट सगळ्यांतून तोच जातो, म्हणून एक कमजोर बॅटरी बाकी पाचांना घेऊन बुडते. एकूण व्होल्टेज बघून हे कळत नाही. गाडी चालू असताना, म्हणजे लोडवर, प्रत्येक बॅटरीचं व्होल्टेज वेगळं मोजायचं. ज्या बॅटरीचं झपकन खाली येईल तिच्या प्रत्येक सेलला हायड्रोमीटर लावायचा.

तिसरा, गाडी उभी असतानाही काहीतरी करंट खातंय. एखादा दिवा, कंट्रोलर, कन्व्हर्टर. इथे सोपी युक्ती आहे. फुल चार्ज करून बॅटरीची मेन वायर काढून गाडी रात्रभर ठेवा. सकाळी व्होल्टेज तेवढंच असेल तर चोर गाडीत आहे. तरीही खाली आलं असेल तर चोर बॅटरीतच आहे.

चौथा, बॅटरी निर्दोष आहे आणि गाडीच जड चालतेय. ब्रेक घासतायत, टायरमध्ये हवा नाही. अशा वेळी नवीन बॅटऱ्या घातल्या तरी त्याही दुपारीच बसतात, आणि पैसे जातात ते वेगळे.

बघा, एडिसनने केलं ते हेच. लक्षण एक असलं म्हणून कारण एक धरायचं नाही. आधी वेगळं करा, मग मोजा, मग उघडा, आणि मगच बदला. आपण सहसा उलटं करतो, आधी बदलतो!

बॅटरी जिंकली, गाडी हरली

१९०९ साली बॅटरी तयार झाली खरी, पण हेन्री फोर्डची मॉडेल टी त्याच्या आदल्याच वर्षी, १९०८ साली रस्त्यावर आली होती. गंमत म्हणजे हा फोर्ड एकेकाळी डेट्रॉईटच्या एडिसन वीज कंपनीत इंजिनिअर होता आणि आयुष्यभर एडिसनला गुरू मानायचा. डेट्रॉईट इलेक्ट्रिक नावाच्या गाडीत १९११ पासून एडिसनची बॅटरी मिळायची, पण त्यासाठी ६०० डॉलर जादा मोजावे लागत. १९१६ च्या सुमाराला फोर्डची अख्खी गाडी त्याहून कमी पैशात मिळत होती.

शेवटचा फटका तर विजेनेच दिला. चार्ल्स केटरिंगने बनवलेला इलेक्ट्रिक स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत आला. हँडल मारायची कटकट संपली. इलेक्ट्रिक गाडीचा सगळ्यात मोठा फायदा एका छोट्या इलेक्ट्रिक मोटरने पेट्रोल गाडीला देऊन टाकला! आणि त्या स्टार्टरला एकदम मोठा करंट देणारी बॅटरी हवी होती. एडिसनच्या बॅटरीचा आतला रेझिस्टन्स जास्त, थंडीत तर ती फारच सुस्त. त्यामुळे स्टार्टरचं काम पुन्हा शिशाच्या बॅटरीकडेच गेलं. १९१४ साली फोर्ड आणि एडिसन मिळून स्वस्त इलेक्ट्रिक गाडी काढणार अशा बातम्या होत्या. प्रयोगाची गाडी झालीही, पण तो बेत पुढे गेला नाही.

एक काळं पानही आहे. एडिसनच्या बॅटरीतून हायड्रोजन गॅस बऱ्यापैकी निघतो. समुद्राचं पाणी आत आलं तर शिशाच्या बॅटरीतून विषारी क्लोरीन निघतो, म्हणून पाणबुडीत ॲसिड नसलेली बॅटरी बसवायची कल्पना पुढे आली. अमेरिकन नौदलाच्या ई-२ या पाणबुडीत एडिसनच्या बॅटऱ्या बसवल्या. १५ जानेवारी १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या गोदीत ती उभी असताना आत साचलेल्या हायड्रोजनचा स्फोट झाला आणि माणसं मेली. दोष बॅटरीचा की हवा खेळती न ठेवणाऱ्यांचा, यावर बराच वाद झाला. पण आपल्यासाठी धडा स्पष्ट आहे. दोष दुरुस्त झालेल्या वस्तूचेही स्वतःचे गुणधर्म उरतात, आणि ती नव्या जागी नेली की ते पुन्हा तपासावे लागतात. आजही बॅटरी चार्जिंगची खोली बंद ठेवू नका असं सांगतात, ते याच गॅसमुळे.

आणि ज्या प्रश्नासाठी हे सगळं सुरू झालं, तिथेही एक गंमत आहे. ही बॅटरी खराब होत नसे, पण नुसती ठेवली तर ती शिशाच्या बॅटरीपेक्षा लवकर आपोआप उतरत असे. एका दोषाची जागा दुसऱ्याने घेतली. फरक एवढाच की शिशाची बॅटरी उतरलेली राहिली की मरते, आणि एडिसनची पुन्हा चार्ज केली की उठते.

मग उपयोग काय झाला?

खूप झाला. सामान वाहणारे ट्रक, कारखान्यातल्या छोट्या गाड्या, खाणीतली इंजिनं, खाणकामगारांच्या टोपीवरचे दिवे, रेल्वेचे सिग्नल आणि डब्यांतले दिवे, जिथे दणकट बॅटरी हवी तिथे एडिसनची बॅटरी गेली. फोनोग्राफ आणि सिनेमानंतर उतारवयात तिनेच त्याला चांगला आधार दिला. त्याच्या नावावर अमेरिकेत १,०९३ पेटंट आहेत, त्यातली १४१ बॅटरीची आहेत. १८ ऑक्टोबर १९३१ रोजी वेस्ट ऑरेंजला वयाच्या ८४ व्या वर्षी तो गेला. २१ ऑक्टोबरच्या रात्री अमेरिकेत लोकांनी काही वेळ घरातले दिवे मालवून त्याला श्रद्धांजली वाहिली. त्याची बॅटरी कंपनी १९७२ साली एक्साईडने विकत घेतली आणि १९७५ साली तिचं उत्पादन बंद झालं.

तरी गोष्ट संपली नाही. २०१२ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी याच निकेल-लोखंडाच्या जोडीची काही मिनिटांत चार्ज होणारी बॅटरी प्रयोगशाळेत करून दाखवली. त्यांनी काय वापरलं? ग्राफीन आणि कार्बन नॅनोट्यूब! एडिसनने जो कार्बन काढून टाकला होता, तोच शंभर वर्षांनी नव्या रूपात परत आला. आत करंट पोचायला रस्ता हवा, हा एडिसनला सापडलेला मुद्दा बरोबरच होता, चांगला रस्ता बांधायचं साहित्य तेव्हा नव्हतं.

मित्रांनो, एडिसनने हार मानली नाही असं आपण नेहमी ऐकतो. मला या गोष्टीत वेगळंच काहीतरी दिसतं. माझ्या वस्तूत दोष आहे, असं तो मान्य करू शकला. विक्री चालू असताना, जग बघत असताना. तिथून पुढेच खरं काम सुरू झालं. आपल्या प्रोजेक्टला सबमिशनच्या आदल्या रात्री आपण जुगाड करतो, एक्झामिनरसमोर पाच मिनिटं चाललं की झालं. पुढे कधीतरी आपण बनवलेल्या वस्तूवर कोणाची तरी गाडी, कोणाचा तरी जीव अवलंबून असेल. तेव्हा बाजारात गेलेली वस्तू परत बोलावून उघडून बघायची हिंमत आपल्यात असावी, एवढीच इच्छा.

आणि हो, पुढच्या वेळी कॅम्पसमधली कार्ट चढावर बसली, तर धक्का मारता मारता ड्रायव्हरकाकांना नक्की विचारा. सहाही बॅटऱ्यांचं व्होल्टेज वेगवेगळं मोजलंय का?